शेंड्याकडे

३ जानेवारी
पोचलो एकदाचा. कुरितीबा शहरात बसमध्ये बसलो तेव्हा वाटलं होतं, संशोधन केंद्र म्हणजे निदान एक इमारत तरी असेल. निघाली सहकारी सोसायटीच्या गोदामामागची पत्र्याची खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि एक फ्रीझर. तरी मी खुशीत आहे. हवा छान, नजर जाईल तिथवर सोयाबीन, आणि त्यात मला हव्या त्या अळ्या मुबलक. राहायची सोय हेडविगबाईंकडे झाली आहे. विधवा बाई, जर्मन वळणाची, घर लख्ख ठेवते आणि केळ्याचा केक बरा करते. गावात अक्कल शोधायला मी आलेलो नाही, ती मी बरोबर आणली आहे.

५ जानेवारी
इथे कीड कशी मारतात ते लिहून ठेवतो, नाहीतर शहरात कुणाचा विश्वास बसायचा नाही. शेतात रोगाने मेलेल्या अळ्या वेचायच्या, फ्रीझरमध्ये साठवायच्या, मग पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवायच्या, जुन्या फडक्यातून गाळायच्या आणि तो रस उरलेल्या पिकावर फवारायचा. रसातल्या विषाणूने बाकीच्या अळ्या मरतात. पद्धत उत्तम आहे, कारण ती आमच्यासारख्यांनी दिली. ही मंडळी मात्र ती लोणचं घातल्यासारखी करतात. हेडविगबाईंकडे दोन मिक्सर, अळ्यांच्या मिक्सरला लाल चिंधी बांधलेली. सोसायटीचा तंत्रज्ञ झानेल्ला अळ्या वेचताना तोंडाला रुमाल बांधतो. विषाणू फक्त अळीला लागतो हे त्याला तीनदा सांगितलं. म्हणे, डॉक्टर, तुमचं बरोबर असेल, पण घाण ती घाणच. असल्या माणसाला सोसायटी पगार देते.

९ जानेवारी
माझा नवा विषाणू आज पहिल्यांदा शेतात गेला. जुना एकाच जातीची अळी मारायचा. माझा मी कित्येक वर्षं एका किडीतून दुसऱ्या किडीत फिरवून तयार केला आहे. तो सगळ्या अळ्या मारतो, शेंगा शोषणारा ढेकूण मारतो, भुंगेराही मारतो. संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर सगळे माते, म्हणजे इथला पाल्याचा कडू चहा, पीत बसले होते, तिथे हे सांगितलं. आर्लिंदो, ज्याच्या शेतात प्रयोग आहे तो, म्हणाला, सगळ्यांना मारतो म्हणता, मग माणसाला काय ओळख पाहून सोडतो? सगळे पोट धरून हसले. मी विज्ञान समजावू लागलो तर म्हणे, चालू द्या डॉक्टर, उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. गाढवापुढे वाचली गीता.

१२ जानेवारी
परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षाही चांगला. आजारी अळी आधी अधाशासारखी खाते, मग खाणं सोडते आणि रोपाच्या शेंड्यावर चढते. तिथे उलटी लटकते, पांढुरकी पडते आणि फुटते. तिचा रस खालच्या पानांवर ठिबकतो, ती पानं बाकीच्या अळ्या खातात. तिला वर चढवतो तो विषाणू, तिला मात्र ती आपलीच इच्छा वाटत असणार. झानेल्लाला हे सांगितलं तर म्हणाला, आमच्या नगराध्यक्षासारखंच की, वर चढायचं आणि खालच्यांवर गळायचं. याच्या विनोदांना मला हसावं लागतं, कारण गाडीची किल्ली त्याच्याकडे असते.

१४ जानेवारी
आर्लिंदो अडून बसला. शेत विहिरीला लागून आहे, पुढची फवारणी नको म्हणे. एका भित्र्या माणसापायी माझा सगळा प्रयोग बुडायची वेळ. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सोसायटीच्या सभेत, भर दुपारी, सगळ्यांसमोर मी गाळलेल्या रसाने पेला भरला आणि पिऊन टाकला. चव कच्च्या घेवड्यासारखी. टाळी एकानेही वाजवली नाही, पण आर्लिंदो खाली मान घालून हो म्हणाला. नंतर माते फिरलं. एकच तुंबा, एकच नळी, सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचं ही यांची रीत. तुंबा माझ्या शेजारच्यापर्यंत आला आणि मला ओलांडून पुढे गेला. हेडविगबाई म्हणाल्या, राग मानू नका डॉक्टर, आजच्या दिवस तुम्ही कपातून घ्या. राग कसला, कीव आली.

१७ जानेवारी
भूक फार लागते. पातेलंभर घेवडा, वर सगळं सॉसेज, तरी हेडविगबाईंच्या परसातला कोबी कच्चाच खाल्ला. त्या म्हणाल्या, डॉक्टर, तुमच्या आईने तुम्हाला उपाशी ठेवलं होतं का? त्यांच्या कोंबड्या आर्लिंदोच्या शेतातल्या मेलेल्या अळ्या टिपून आल्या आणि अंगणातल्या पाईनच्या पार टोकाला जाऊन बसल्या आहेत. दाणे टाकले तरी उतरत नाहीत. कोंबडी मुळातच मूर्ख.

१९ जानेवारी
भूक गेली. अन्न समोर नको वाटतं.
कोंबड्या शेंड्याला पायांनी लटकल्या आहेत, डोकी खाली. अंगण ओलं झालंय. हेडविगबाईंनी विचारलं, हे काय हो? मी म्हणालो, मानमोडी, कोंबड्यांचा नेहमीचा रोग. त्यांना लगेच पटलं. अडाण्यांचं हे एक बरं असतं.
नमुना काचेखाली पाहिला. मानमोडी नाही.

२० जानेवारी
उकाडा आहे, म्हणून कपाटावर चढून बसलो. वर बरं वाटतं. झानेल्लाने दारातून पाहिलं आणि विचारलं, डॉक्टर, बल्ब बदलताय का? हो म्हणालो. मूर्ख. दिवसाढवळ्या कोण बल्ब —
हात पांढुरके दिसतात. चुना लागला असेल. धुतले. जात नाही.

२१ जानेवारी
गोदामाच्या छपरावर होतो. कसा आलो आठवत नाही. झानेल्ला खालून हसत होता, मग हसायचा थांबला.
काय होतंय ते मला कळतं. वर चढावंसं वाटतं ते मला नाही. ती इच्छा माझी नाही. भीती मात्र माझी आहे, आणि फार आहे.
उतरलो. घामाने भिजलो, पण उतरलो. हेडविगबाईंना म्हणालो, तळघरात कोंडा, काही झालं तरी उघडू नका. त्या रडल्या. म्हणाल्या, सूप तरी —
कुलूप लावलं. खाली आहे. खालीच राहायचं.

२२ जानेवारी, सकाळ
तिने उघडलं. सूप द्यायला. सांगितलं होतं —
पाण्याची टाकी. गावात याहून उंच काही नाही. झाकण काढलंय. मी नाही काढलं. हातांनी काढलं.
खाली सगळे जमलेत. आर्लिंदो दोर आणतोय. मला वाचवायला. गाढवं. पळत का नाहीत? ओरडतो, आवाज निघत नाही, तोंडातून नुसतं पाणी —
वही खाली टाकेन. कुणीतरी वाचा. नळ बंद करा. टाकी फोडा. मला हात लावू नका —
पाय टाकीच्या कडेला अडकवलेत. उलटा आहे. पोट ताणलंय. बरं वाटतंय, किती बरं —
नाही. मी नाही म्हणत हे.
हेडविगबाई बरोबर माझ्या खाली उभ्या. मान वर करून हाका मारताहेत. तोंड उघडं.
बाई, बाजूला. तोंड मिटा. बाजूला व्हा, बाजू —