उजवा कौल

३ फेब्रु. १९८६
सर्व संबंधितांस कळविण्यात येते की मालवणात सोल्डरची तार संपली आहे. रेडिओवाल्याकडे थोडी आहे, पण ती "पोरखेळाक" देणार नाही म्हणाला. देश एकविसाव्या शतकाकडे निघाला, माझं पिनबॉलचं यंत्र सोल्डरवाचून खोळंबलं. नोंद व्हावी.

९ फेब्रु.
कुडाळहून सोल्डर आलं. पणजीच्या हॉटेलात पाहिलेलं यंत्र फणसाच्या फळीवर उतरतंय. जळक्या पंख्याच्या तारेची कॉइल, सायकलच्या ट्यूबचं रबर, ट्रकच्या बेअरिंगमधली गोळी, तिच्या वाटेत खिळे. तळाला दोन खळगे. गुण मिळाला की वाजायला शेजारच्या सुमाआक्काच्या दारावरची बेल उसनी आणली.
"ने रे. माझ्या दारात कोण येता?" म्हणाली.
गोळी दर खेपेला डाव्या खळग्यात. जमीनच तिकडे कललेली. यंत्राच्या पायाखाली पाचर घाला, ही म्हणाली. इलेक्ट्रॉनिक्सला पाचर!

१६ फेब्रु.
आक्काच्या पोटात गाठ. डॉक्टर म्हणतात, गोव्याला जाऊन कापून घ्या, उशीर नको. तिला आधी कौल हवा. पण देवळात नको.
"थंय इचारलंय तर सगळ्या वाडीक कळतला. तुझ्या पेटयेक इचारतंय. गोळी उजवीकडे पडली तर जातलंय. डावीकडे, तर नाय."
आयुष्यभर कौलांची टिंगल लिहिली, छापली, मिरवली. आता देवस्थान माझ्याच पडवीत. पुजारी मी. पुढच्या रविवारी येणार म्हणाली.

१९ फेब्रु.
उजव्या खळग्याखाली बोल्टावर तार गुंडाळून विजेचा चुंबक. बटण माझ्या गुडघ्याशी. गोळी निमूट उजवीकडे. विज्ञानाचा विजय, लबाडीच्या मदतीने. हिला दाखवलं.
"पाचर घातली असती तरी हेच झालं असतं."

२३ फेब्रु.
आक्का न्हाऊन आली, हातात नारळ. यंत्रापुढे गाऱ्हाणं घातलं, मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात. गोळी सोडली. खिळ्यांतून अडखळत उतरली, उजवीकडे वळायला लागली, मी बटण दाबून धरलेलं, आणि लाईट गेली.
गोळी काठावर थांबल्यासारखी झाली. मग डावीकडे.
म्हटलं, लाईट गेली, हा कौल धरायचा नाही, पुन्हा घे.
"देवाक बत्ती लागणा नाय रे."
नारळ तिथंच ठेवून गेली.
चुंबकाचं सांगावं? सांगितलं तर मी खोटा, आणि कौल आणखीच खरा.

२४ फेब्रु.
ही भांडली नाही. जेवताना ताटाशेजारी लाकडाची पाचर ठेवली होती. लोणच्याच्या जागी.

२ मार्च
यंत्रातून बेल सोडवली. कुणाला न सांगता आक्काच्या दारावर पहिल्यासारखी बसवली. बटण दाबलं. बऱ्याच वेळाने आतून, बिछान्यातून:
"कोण आसा?"
मीच, म्हटलं. गोव्याची गाडी सकाळची आहे, मी येतो बरोबर, एवढं उंबऱ्यावरूनच सांगितलं.
"दार उघडाच ऱ्हवांदे," ती आतून म्हणाली.