माठाच्या भाजीतला एक तुकडा

पोयसर, कांदिवली
पवित्र आठवड्यातला सोमवार

प्रिय डेन्झिल,

तुझा फोन आला की पप्पा स्पीकर लावायला सांगतात आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतात. त्यांच्यासमोर हे बोलता येणार नाही, म्हणून पत्र. रागावूनच लिहितेय, आधीच सांगते.

पप्पांचं हिमोग्लोबिन फार उतरलंय. गोळ्यांनी पोट बिघडतं, म्हणून डॉक्टर म्हणाले, पालेभाजी वाढवा. तूही टोरांटोहून तेच म्हणालास, वर तीन व्हिडिओ पाठवलेस. अरे, ऐंशी वर्षांच्या हट्टी माणसाच्या घशाखाली भाजी कशी उतरवायची, ते एकाही व्हिडिओत नाही! पप्पा खातात ती फक्त आपल्या ममाच्या पद्धतीची. बेकन बारीक चिरून मंद आचेवर ठेवायचं, चरबी सुटली की त्यातच कांदा-लसूण, मग लाल माठ आणि चिमूटभर बॉटल मसाला. मीठ नाही, बेकनच खारट असतं. दहा मिनिटांचं काम.

पण यंदा लेंटच्या उपवासात त्यांनी मांस सोडलं. नुसत्या शुक्रवारी नाही, अख्खे चाळीस दिवस. फादर घरी येऊन सांगून गेले की आजाऱ्याला सूट असते. पप्पांनी त्यांना चहा पाजला आणि हट्ट तसाच ठेवला. मी खोबरं घालून भाजी केली, चणाडाळ घालून केली, सोडे घालून केली. ताट परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट परत.

शेवटी माझं डोकं फिरलं. बेकन परतायचं, तुकडे वेचून काढायचे आणि राहिलेल्या चरबीत भाजी करायची. मांस नाही ना ताटात? मग झालं तर. ते तुकडे ओट्याशी उभी राहून मीच संपवायचे, म्हणजे माझंही लेंट बुडालं. पप्पा मात्र मागून मागून खाऊ लागले. इव्हाच्या हाताला शेवटी आईची चव आली, असं शेजारच्या व्हॅलेन्सियाला सांगत होते. मी मान खाली घालून भांडी घासत राहिले.

काल झावळ्यांच्या रविवारी एक तुकडा वेचायचा राहिला. पप्पांनी तो तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. सहा वर्षांचं साठलंय. त्यांनी फक्त विचारलं, किती दिवस चाललंय हे? मी म्हटलं, तीन आठवडे. मग हळूच म्हणाले, मी नवस बोललो होतो गं. चाळीस दिवस मांस तोंडाला लावणार नाही, डेन्झिलला एकदा घरी आण.

सहा वर्षं तू पुढच्या ख्रिसमसला नक्की येतोस. मी त्यावर विश्वास ठेवणं कधीच सोडलं. पप्पांनी सोडलं नव्हतं, ते काल सोडलं. जाऊ दे, आता कसला येतोय तो, म्हणाले आणि हात धुतले. आज सकाळपासून नुसत्या चहावर आहेत.

त्यांचा नवस माझ्या हातून मोडलाय, डेन्झिल. देवाकडे तुला मागायची त्यांची सोय मीच घालवली. म्हणून आता सरळ तुझ्याकडेच मागतेय, आणि मला मागायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. पत्र पोचेल तोवर ईस्टर होऊन जाईल. मे महिना चालेल. पण तिकीट काढ आणि मगच फोन कर. स्पीकर मी लावते.

तुझी बहीण,
इव्हा