धुतलेले दगड आणि बाबांचे मासे

चि. छी-युआन,

परवा तू घरच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारलंस, "ताई, बाबांचे मासे जिवंत आहेत की नाहीत, ते एकदा खरं सांग. शनिवारी यी-चुन ते न्यायला बादली घेऊन येतेय." पाठोपाठ तैनानच्या मावशीने हात जोडल्याची चित्रं पाठवली. म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. ग्रुपवर मी उत्तर देणार नाही. तिथे लोक वाचत नाहीत, नुसते हळहळतात. मासे जिवंत आहेत. आता स्वस्थ बसून पुढचं वाच.

तुझं पित्त कसं आहे? तळलेली कोंबडी खाऊ नकोस, हे सांगून मी अजून थकलेले नाही. तुमच्या नव्या घराला आणि तुझ्या बायकोने, यी-चुनने, हौसेने घेतलेल्या नव्या टाकीला माझे आशीर्वाद. इकडे ह्वालिएनला सगळे बरे आहेत. सासूबाई एक्क्याऐंशीच्या असून माझ्याहून ठणठणीत आहेत. पुरावा खाली येईलच.

बाबांच्या मागे माझ्याकडे आलेली त्यांची टाकी भूकंपात तडकली, एवढंच तुला माहीत आहे. बसायच्या खोलीत खारं पाणी पसरलेलं, क्वो-तुंग (तुझे भावोजी प्रत्येक संकटात करतात तसे) चपला शोधताहेत, आणि ते दोन नारिंगी मासे आपल्या दगडाच्या भोकात दडून बसलेले. निघेनात. शेवटी दगडासकट उचलून कपडे भिजवायच्या टबात सोडले. बाकीचे दगड जमिनीवर पडून असे कुजले, की शेजारच्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, "घरात कुणी गेलं का हो?" ते सगळे मी फेकून दिले. टब न्हाणीघरात ठेवला, आणि तेव्हापासून क्वो-तुंग कोपऱ्यात उभं राहून, माशांकडे पाठ करून अंघोळ करू लागले.

नवी टाकी आणली. दुकानदार म्हणाला, समुद्रातले ओले, जिवंत दगड घ्या, टाकी लवकर माशांच्या लायक होईल. होईल, पण त्या दगडांच्या भोकांतून कोण कोण येईल? ओळखपाळख नसलेल्यांना मी घरात घेत नाही. मी कोरडे दगड घेतले. पांढरेशुभ्र, हलके, निर्जीव. कॉलेजात चार वर्षं रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला स्वच्छ वस्तूपासून सुरुवात करावीशी वाटली तर तिचं काय चुकलं? पण अशा दगडांत घाण पचवणारे जिवाणू नसतात. ते वाढावेत म्हणून टाकीत एक कोळंबी टाकून ती कुजू द्यायची असते. (स्वच्छतेची सुरुवात अशी असते, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.)

सासूबाईंनी काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं. "सूनबाई, ही हाडं कुणाची?"

"दगड आहेत, आई."

"कबर उघडायची तर निदान मुहूर्त तरी बघायचास!"

त्याच आठवड्यात तू मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट पाठवलंस, टाकीवर ठेवलं की टाकी नीट वागेल म्हणून. तुमच्या शिन्चूच्या कारखान्यात एवढी शिकलेली माणसं कोट्यवधींच्या यंत्रांवर खाऊ ठेवतात, ते त्यांना लखलाभ. मी ते कपाटात टाकलं. शिवाय तुमच्याकडे हिरवं पाकीट शुभ आणि पिवळं ठेवलं तर यंत्र बिघडतं. माझ्या पाणी तपासायच्या नळीत हिरवा रंग म्हणजे विष आणि पिवळा म्हणजे शुद्ध. दोन्ही शास्त्रं एका टाकीवर नांदली नसती.

महिने गेले. दगडांवर आधी तपकिरी शेवाळ आलं, मग हिरवे केस आले. घर बंदरासारखं वासू लागलं. अखेर नळी पिवळी झाली आणि पिवळीच राहिली. दुसऱ्या दिवशी मासे सोडायचे ठरवून मी नववर्षाच्या बाजाराला गेले.

परत येते तो घरात वर्षअखेरची झाडलोट झालेली. टाकी रिकामी, चकचकीत. माझे दगड गच्चीत, लाल कागदावर, काळ्या छत्रीच्या सावलीत. कढत पाण्याने, दात घासायच्या ब्रशने घासून, वाळवून, आपल्याकडे काही वर्षांनी कबर उघडून पूर्वजांच्या अस्थी धुऊन रचतात तसे रचलेले: पायाकडचे खाली, डोक्याचा सगळ्यांत वर. क्वो-तुंग छत्री धरून उभे.

"कुणाचे का असेनात," सासूबाई म्हणाल्या, "नव्या वर्षात त्यांनी मळकं राहू नये."

"आई, त्या मळातच जीव होता!"

"मळात जीव असता तर तुझा नवरा अमर झाला असता."

त्यात थंडीची लाट आली. टबातलं पाणी गार पडलं, मोठा मासा दगडाच्या भोकात आडवा होऊन कसाबसा श्वास घेत होता. टबात थंडीने मरणार, टाकीत स्वतःच्याच घाणीने. पाणी तापवायची सोय टाकीत होती, म्हणून मी टाकी निवडली; धुतलेले दगड परत रचले आणि नवं खारं पाणी भरलं. टबातूनही ते आपला दगड सोडून निघेनात, तेव्हा पुन्हा दगडासकट उचलले. सासूबाईंनी कपाटातून ते पाकीट काढून झाकणावर ठेवलं. मी त्यांना अडवलं नाही. रोज नळी हिरवी व्हायची वाट पाहिली. झाली नाही. चौथ्या दिवशी मोठा मासा उठला आणि त्याने माझ्या बोटाला चावा घेतला. छी-युआन, मी न्हाणीघराचं दार लावून थोडा वेळ आत बसले.

मग डोक्यात प्रकाश पडला. मासे बाहेर आले की जो फेकून द्यायचा असं मी ठरवलं होतं, तो बाबांचा काळपट, मळका दगड इतके महिने त्या दोघांची सगळी घाण पचवत होता. आता पांढऱ्या दगडांवरही त्याच्यासारखे जांभळे ठिपके धरू लागलेत, म्हणजे तेही जिवंत होताहेत. सासूबाईंचा टाकीजवळचा ब्रश मी काढून घेतला आहे.

तुझी,
ताई

ता.क. मासे पाठवत नाही. ते दगड सोडत नाहीत आणि दगड उचलला तर टाकी बिघडेल. सासूबाई रोज सकाळी त्यांना भाजीचे भाव सांगतात. मलाही टाकीपुढे चहा प्यायची सवय लागली आहे. बाबा तसेच बसायचे. ते दोघं इथेच राहू देत. हे मी विनंती म्हणून लिहिते आहे, आणि ग्रुपवर पुन्हा लिहिणार नाही.

ता.क. २ पाकिटाची मुदत संपत आली आहे. नवं पाठव. हिरवंच. सासूबाईंसाठी.

यी-चुनच्या हाती दिलं: तिची बादली. घरचा मुळ्याचा केक. टाकीतला एक दगड, जांभळ्या ठिपक्यांचा, बादलीत खाऱ्या पाण्यात बुडवून, तुमच्या टाकीसाठी. धुवू नये.