पानावरचा आडवा हात

रविवार, दिवेलागण. कोरेगाव.

तो हात काही डोक्यातून जात नाही.

आज उंब्रजला मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. सासरच्या पंगतीत दाजीला जिलेबीचा आग्रह ठरलेला. दर लग्नात दोन मेहुणे माझे हात धरायचे, तिसरा पानात जिलेब्या ओतायचा. मी शिव्या घालत खायचो.

मग मला पोटाचा कॅन्सर निघाला; हा प्रकार म्हणे फार क्वचित होतो. विश्रामबागच्या डॉक्टरांनी अर्धं जठर काढलं, वर म्हणाले, मन आनंदी ठेवा. ठेवतोय की! सकाळपासून मांडवात सगळ्यांना हसवत होतो. "दाजी, तुमी लय धीराचं!" म्हणायचे आणि लगेच दुसरीकडं वळायचे.

जिलेबी आली. सवयीनं मी पानावर हात आडवा धरला, "बास, बास" तोंडात तयार. धाकटा मेहुणा वाढणाऱ्याला हळूच म्हणाला, "दाजींस्नी नको रं, पुढं हो."

काळजीनंच म्हणाला. मग मला राग कसला येतोय? एखादा तुकडा चालतो मला. पण तेवढंच आहे का ते?

शेजारच्या पानावर आग्रहाची आरडाओरड सुरू झाली. पंगत उठेपर्यंत माझा हात पानावर आडवाच होता.