धाकट्याची फांदी

४ मार्च
आजपासून रोजनिशी. मी बोलायचं, मोबाइलनं लिहायचं. सुनेनं बटण दाखवलं. म्हणाली, आई, हे वाचणार कोण? म्हटलं, मीसुद्धा नाही, मला कुठे वाचता येतंय! एवढी सुरक्षित वही जगात दुसरी नसेल.
कारण असं, की थोरल्यानं लॅपटॉपवर घराण्याचं झाड लावायचं सॉफ्टवेअर आणलंय. कपाटातले सगळे फोटो, दाखले स्कॅन करून त्यात घालायचे. कोण कुणाचं, हे माझ्याशिवाय ठाऊक कुणाला? थोरल्याला फोटोतली सख्खी आत्या ओळखू येत नाही. म्हणजे काम माझंच. मेपर्यंत पुरं करणार आणि धाकट्याला दाखवणार. धाकटा परगावी असतो. फोन करत नाही, कामात असतो. झाड बघितलं की धावत येतो की नाही बघा.

६ मार्च
सून विचारते, नाव? सांगितलं, भावजी. दुसरं? थोरल्या वन्सं. तिसरं? मोठे मामा. म्हणते, आई, ही नावं नाहीत, नाती आहेत. म्हटलं, मी जन्मभर याच नावांनी हाका मारल्या, सगळ्यांनी ओ दिली.
मग विचारलं, मामंजींच्या खोक्यात काय लिहू? ‘आमचे हे’ लिही म्हटलं. सगळ्या संसारात नाव घेतलं नाही, ते काय आता लॅपटॉपसमोर घेऊ? लिहिलं बिचारीनं. पुढे आडनावही जोडलं. भारदस्त दिसतं म्हणे.

११ मार्च
सून स्वयंपाकघरात. पडद्यावर काहीतरी विचारणा आली. हिरवं बटण होतं, म्हणजे चांगलंच असणार. दाबलं.
सगळे मामा एक झाले. एकच मामा आणि सगळ्या मामी त्याच्या बायका. त्यातली एक मामी अजून खणखणीत आहे. तिला कळलं तर माझी धडगत नाही. चूक माझी नाही. असल्या कामाचं बटण हिरवं ठेवूच नये.
ठराव: लॅपटॉपला हात लावायचा नाही. सुनेला टोमणा मारायचा नाही.

१२ मार्च
टोमणा मारला. तिनं मारायला लावला.

१९ मार्च
आता हे यंत्र चेहरे ओळखतं. धाकट्याचे सगळे फोटो त्यानं माझ्या नणंदेच्या ढिगात टाकले. मोडकं आहे. धाकटा सरळसरळ माझ्यावर गेलाय. सून म्हणाली, हट्टात तर नक्कीच. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२ एप्रिल
धाकट्याला झाडाचं आमंत्रण पाठवायला लावलं. थोरला म्हणाला, आई, नको, तो उघडणार नाही आणि तू मनाला लावून घेशील. म्हटलं, तुला त्याचा पहिल्यापासून हेवा.

९ एप्रिल
उघडलं नाही. तिकडे इंटरनेट धड नसेल. सून म्हणते, भावजी दिवसभर ऑनलाइन दिसतात. मग बरोबर आहे की. दिवसभर तिथे असतो तर इथे कधी बघणार?

२५ एप्रिल
पुन्हा पाठवलं. सून म्हणाली, आई, तुम्ही सरळ फोन का करत नाही? आधी कुणी करायचा? मी आई आहे.

१० मे
झाड पुरं नाही. मामा सुटे होत नाहीत. धाकट्याच्या खोक्यापुढची जागा रिकामी ठेवलीय. सून म्हणते, बायकोचं नाव घालू. म्हटलं, तो आला की बघू.

१४ मे, सकाळ
म्हटलं नव्हतं? सॉफ्टवेअरचा निरोप आलाय. आपल्या झाडातली एक बाई दुसऱ्याच एका झाडात सापडली. ती बाई मी! आणि झाड लावलंय धाकट्यानं! पोरगं गुपचूप लावत बसलं होतं, आईला चकित करायला. सुनेनं एवढंच वाचलं आणि ऑफिसला पळाली. थोरल्याला फोन करून सांगितलं. नुसतं हं म्हणाला. जळतो.

१४ मे, संध्याकाळ
उघडलं. त्याची बायको, तिचे आईवडील, तिची भावंडं, सगळे ऐसपैस. वर एका कोपऱ्यात मी. तो कडेवर, मी हसतेय. चांगला फोटो.
सून भराभर वाचत आली आणि माझ्यापाशी थांबली. म्हटलं, पुढे वाच. म्हणाली, पुढे काही नाही. म्हटलं, मग खाली काय मुंग्या बसल्यात?
वाचलं. मृत्यू. आणि तारीख.
लगेच म्हणाली, आई, जिवंत माणसांचे फोटो हे झाकून ठेवतं, दुसऱ्यांना दिसावा म्हणून लोक असं टाकतात. खोटं बोलताना हिचे कान लाल होतात. म्हटलं, असंच असणार. फोटो दिसावा म्हणून.

१५ मे
तारीख ऐकताच ओळखली होती. थोरल्याचा वाढदिवस, गेल्याच्या गेल्या वर्षीचा. धाकट्याचा भावाला फोन आला होता. मी मधेच घेतला. म्हणाला, हिला घेऊन येऊ? मी म्हणाले, ती या घरात आली तर तुझी आई मेली असं समज.
आता हे काय धरून ठेवायचं बोलणं झालं? मेल्या, मुडद्या म्हणतच मी त्याला वाढवला. एकदा तरी मेला का?
सून म्हणाली, माहिती चुकीची आहे असं कळवता येतं. कळवू? म्हटलं, काय लिहिशील? म्हणाली, आई हयात आहेत.
नको म्हटलं. त्याच्या घरात माझा एवढा एक फोटो दिसतोय. जिवंत झाले की तोही झाकतील.