अठ्ठ्याण्णव टक्के पुस्तक

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९
नजर गेल्यापासून सासरे आमच्याकडे असतात. त्यांना बोलक्या पुस्तकांचं यंत्र घेऊन दिलंय. लायब्ररीतून खुनाची कादंबरी आणली, कॉम्प्युटरवरून यंत्राच्या मेमरी कार्डावर कॉपी करायला लावली. ९८ टक्क्यांवर ऑफिसला उशीर व्हायला लागला. कार्ड काढून घेतलं. ९८ टक्क्यांना कोणी नापास करत नाही.

शुक्रवार, ८ मार्च
चार दिवस सासरे जेवायलाही तीन हाकांशिवाय उठले नाहीत. आज शेवटच्या प्रकरणावर यंत्र म्हणालं, फाइल वाचता येत नाही. सासऱ्यांचा चेहरा बघवेना.
परवा त्यांचे बुद्धिबळातले जोडीदार पोस्टमास्तर येणार. त्यांनी हीच कादंबरी ऐकलीय. सासऱ्यांचं म्हणणं एवढंच, की पोस्टमास्तरांच्या पोटात काही राहत नाही, त्याआधी खुनी मला पुस्तकातूनच कळू दे. मी शब्द दिला.
बायको म्हणाली, लायब्ररीतल्या बाईंना फोन कर. मी सांगितलं, एकोणीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनमध्ये फायलीच सांभाळतोय. ती भाजी चिरायला निघून गेली. पटलं असावं.

शनिवार, ९ मार्च. सकाळी
कार्ड तपासलं. सगळी अनागोंदी. आवाजाच्या फायली चाळीस आणि बिनआवाजाच्या चिल्लर फायली नव्वद. जी फाइल बोलत नाही, तिचं बोलक्या पुस्तकात काय काम? ऑफिसच्या शिरस्त्याप्रमाणे नव्वदही काढून टाकल्या.

दुपारी
यंत्र म्हणतं, पुस्तक सापडले नाही. प्रगती आहे. काल एका फाइलवर संशय होता, आज दोष यंत्राचा आहे हे सिद्ध झालं.

संध्याकाळी
कार्ड खोडरबराने घासलं. यंत्र अकरा वेळा बंद-चालू केलं. बाराव्यांदा सासऱ्यांनी करू दिलं नाही.
बायकोने माझ्या अपरोक्ष फोन केला. बाई म्हणाल्या, पुन्हा कॉपी करा, पूर्ण होऊ द्या आणि आतल्या कशाला हात लावू नका. अगदीच प्राथमिक सल्ला.

रविवार, १० मार्च. सकाळी ८
माझ्या पद्धतीने पुन्हा कॉपी केली. १०० टक्के. पण शब्द दिलाय, तपासल्याशिवाय कार्ड हातात देणार नाही. हेडफोन लावून शेवटचं प्रकरण कॉम्प्युटरवर ऐकलं. एकतीस मिनिटं. कुठेही अडलं नाही.

१०.२०
यंत्राने पुस्तकाचं नाव खणखणीत घेतलं. सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरला आणि जावईबापू म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच. मला भरून आलं. मी म्हणालो, निर्धास्त ऐका, नर्सला बेड्या पडतात तिथपर्यंत मी स्वतः तपासलंय.
त्यांनी हात सोडला.

१०.३५
पोस्टमास्तर आले. सासऱ्यांनी त्यांना सांगितलं, आता मोकळेपणी बोला. पोस्टमास्तर म्हणाले, मी आठवडाभर जीभ चावून बसलोय, असला शेवट कुणी सांगतं का? बायकोने माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला आत आलो.
चहा उकळून गेला, तरी आतच आहे. बाहेर दोघं बुद्धिबळ खेळतायत. यंत्र बाजूला शेवटचं प्रकरण वाचतंय. एकदाही अडखळलेलं नाही.