धुतलेला कोपरा

आई,

दुर्गाघाटाच्या गल्लीत ऊन उशिरा येते. आज ते समोरच्या भिंतीवरून सावकाश उतरले आणि काचेच्या पेटीतील भुशावर थांबले. दोन्ही नवे जर्बिल उंदीर त्यात गोंधळून फिरत होते. शौचाची जागा ते वासाने ओळखतात. सोवळ्यापायी तू पेटी रोज गंगेच्या पाण्याने धुतेस, म्हणून ते कुठेही घाण करतात. त्यांनी ओला केलेला थोडा भुसा एका कोपऱ्यात राहू दे.

“केयूर, घरात उंदीर कोण पाळतं रे?” असे तू विचारलेस. ते मी तुझ्या सोबतीला आणले की माझ्या समाधानासाठी, मला अजून उमगत नाही.

तू घाटावरून परतशील तेव्हा माझी गाडी सुटलेली असेल. माझी चादर इतक्यात धुऊ नकोस.

पुण्याला महिन्याभरासाठी जातो, असे म्हणालो होतो. नोकरी कायमची आहे.